दोन टोप्यांचा बडग्या

तो बडग्या मी बनवला होता. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असलेले हे एवढेसे वाक्य. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवणाऱ्या माणसाला ते जड जाऊ नये. तरीही ते मी वडिलांपाशी उच्चारले नाही, पत्नीला सांगितले नाही, आणि ज्यांच्यापाशी ते सर्वांत आधी उच्चारायला हवे होते त्यांच्या दारावरून तर मी कित्येक वर्षे, चपलेचा अंगठा तुटल्यासारखी मुद्रा करून, खाली पाहत गेलो. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात मारबती निघतात. एक काळी, एक पिवळी, बांबू-कागदाच्या दोन अजस्र बाया, आणि त्यांच्यामागून डुलत येणारे बडगे. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. ज्याच्यावर गावाचा त्या वर्षी राग असेल, तो महागाईचा असो, साठेबाजाचा असो की एखाद्या मंत्र्याचा, त्याचा बडग्या करायचा, ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत तो रस्त्यांवरून मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. राग मोकळा करण्याची ही सोय फार जुनी आहे आणि मला ती अजूनही शहाणपणाची वाटते. तिला अट एकच होती, न लिहिलेली: बडग्या दुसऱ्यांच्या माणसाचा काढायचा. आम्ही आमच्याच माणसाचा काढला.

आमचे घर नागपूरच्या महाल भागात होते आणि घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचा दवाखाना. बाबा वैद्य होते. त्या खोलीला सुंठ, हिंग आणि मुरलेल्या आसवांचा असा एक वास होता की तो माझ्या वह्यांना, शाळेच्या सदऱ्याला, इतकेच काय आईच्या वरणालाही थोडासा येई. दिवसभर रोगी येत. संध्याकाळी रोगी उठून गेले की त्याच बाकांवर पक्षाची बैठक बसे, आणि तक्रारींचा सूर फारसा बदलत नसे. बाबा खलात औषध घोटता घोटता बोलत. ज्या दिवशी सत्ताधाऱ्यांचा विषय निघे त्या दिवशीचे चूर्ण जास्त बारीक होते, असे आई म्हणत असे. बैठकीचे अध्यक्षपद घाटेकाकांकडे होते. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि पक्षाची सारी धोरणे त्यांच्या खाकरण्यावर ठरत. दुसरे किसनराव, मूळचे सावनेरकडचे, तेलघाणीचे मालक. घाटेकाका जे तीन वाक्यांत, दोन संस्कृत शब्द घालून सांगत, ते किसनराव एका वाक्यात सांगत आणि ते आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाई.

आमचा पक्ष शिस्त, संस्कृती आणि पराभव या तीन खांबांवर उभा होता. हरणे आम्हाला नवे नव्हते. दर निवडणुकीनंतर घाटेकाका खाकरून ‘मतं वाढली’ असे जाहीर करत, आणि आई सर्वांना आल्याचा चहा देई. लोक अजून आमच्या योग्यतेचे झालेले नाहीत, एवढाच त्या पराभवांचा अर्थ असे. त्यामुळे ते पचायला जड जात नसत. त्या वर्षीचा पराभव मात्र आम्हाला पचला नाही, आणि त्याचे कारण आमचा उमेदवार होता.

उमेदवार होते अप्पासाहेब सोहनी. अप्पा जिल्हा न्यायालयात वकिली करत. ते बाबांचे शाळेपासूनचे मित्र. एकमेकांना अरे-तुरे करत, आणि बाबांच्या खलाला हात लावण्याची मुभा असलेले ते घराबाहेरचे एकमेव गृहस्थ. माझी वादविवाद स्पर्धेची भाषणे त्यांनीच बसवून घेतली होती. “आधी समोरच्याची बाजू तू मांड,” ते सांगत, “त्याला स्वतःला जमणार नाही इतकी चांगली मांड. मग खोडून काढ.” मला ती स्पर्धा जिंकण्याची युक्ती वाटे. अप्पांच्या लेखी ती युक्ती नव्हती, जगण्याची रीत होती, हे आम्हाला निवडणुकीत कळले. आणि ‘खोडून काढ’ या उत्तरार्धाचा त्यांना अनेकदा विसर पडतो, हेही तेव्हाच कळले.

समोर सत्ताधारी पक्षाचे शामराव होते. ठेकेदार, गडगडाटी हसणारे, पानाने ओठ सदैव लाल. तेही अप्पा आणि बाबांच्याच वर्गातले. पण बाबांनी त्यांच्याशी बोलणे केव्हाच सोडले होते आणि अप्पांनी सोडले नव्हते. चौकातल्या पहिल्याच मोठ्या सभेत आमच्या वक्त्यांनी एकामागून एक येऊन सांगितले की शामरावांनी वस्तीसाठी काडीचेही काम केलेले नाही. शेवटी अप्पा उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आत्ता आमच्या मंडळींनी सांगितलं ते काही पूर्ण खरं नाही. मागच्या गल्लीतली गटार शामरावांनीच बांधली. चांगली बांधली. मी असतो तर उतार थोडा जास्त ठेवला असता, एवढंच. तसं त्यांचंही बरोबर आहे, तिथे जागा कमी होती.” टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात त्या शामरावांच्या माणसांनी वाजवल्या. मंचावर दुसरा माइक चालू होता हे किसनरावांच्या ध्यानात नव्हते, आणि साऱ्या चौकाने ऐकले: “याले कोनी तरी खाली बसवा गा!”

पुढे तर कहरच झाला. प्रचाराच्या ऐन धामधुमीत शामरावांची जीप रस्त्यात बंद पडली आणि मागून आमची जीप आली. अप्पांनी त्यांना आत घेतले आणि त्यांच्या सभेच्या जागी नेऊन सोडले. जीप आमची, झेंडे आमचे, कर्णा आमचा, आणि अप्पांच्या शेजारी लोकांना हात जोडत बसलेले शामराव. रस्त्याच्या कडेने उभ्या असलेल्या बायाबापड्यांनी नेमके कोणाला मत द्यायचे ठरवले असेल, याचा घाटेकाकांना मतमोजणीपर्यंत घोर लागून राहिला होता.

मतमोजणीने तो मिटवला. अप्पा पडले, चांगलेच पडले. त्या संध्याकाळी दवाखान्यात आम्ही सुतकी चेहऱ्याने बसलो होतो. ‘मतं वाढली’ हेही कोणाला म्हणता येत नव्हते, कारण ती घटली होती. तेवढ्यात किसनराव धापा टाकत आले.

“वैद्यबुवा, तुमचा दोस्त कुठं हाय ठाऊक हाय काय? शामरावच्या घरी! हार घातला त्यानं त्याले, झेंडूचा, जाडजूड. अन् वरून पंगतीले बसला.”

“हार घातला?” घाटेकाकांचे खाकरणे अर्ध्यात अडकले. “ज्यानं पाडलं त्याला?”

“जेवून राहिला नं! म्या माह्या डोयानं पायलं.”

आतून आईचा आवाज आला. “जेवायला काय होतं हो?”

“वहिनी, हा काही थट्टेचा विषय नाही.”

“थट्टा कसली? शामरावांच्या घरची सांबारवडी फार चांगली असते म्हणून विचारलं.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचे सारण भरून तळलेल्या त्या वड्यांवर आईचे प्रेम होते आणि राजकारणावर तिचा विश्वास नव्हता. “हरले ते हरले, निदान उपाशी तरी नाही राहिले.”

दुसऱ्या दिवशी अप्पा नेहमीच्या वेळी आले, नेहमीच्या बाकावर बसले आणि त्यांनी खलातली चिमूटभर सुंठ तोंडात टाकली. शेवटी बाबांनी बत्ता खाली ठेवला.

“तुला लाज कशी वाटली नाही रे?”

“वाटली तर,” अप्पा म्हणाले. “एवढ्या मतांनी पडलो, त्याची वाटली. हाराची काय लाज?”

“तो माणूस सिमेंट खातो!”

“खातोच. पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा सांगेन लोकांना. पण आता पाच वर्षं नळाचं पाणी मागायचं ते त्याच्याकडेच ना? त्याच्याशी बोलायचंच नाही म्हटलं तर प्यायचं काय, आपली तत्त्वं?”

घाटेकाका म्हणाले, “अहो, विरोधक म्हणून काही धर्म आहे की नाही? विरोधकानं विरोध करावा.”

“तसं तुमचंही बरोबर आहे,” अप्पा म्हणाले. आणि शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला पहिल्यांदा त्यांचा संताप आला. मला तेव्हा एकोणिसावे सुरू होते आणि कोणी आपल्याला बरोबर म्हणावे यापेक्षा समोरच्याला चूक म्हणावे यात मला अधिक आनंद होता. आज या वयात त्या बैठकीकडे पाहताना वाटते, अप्पांच्या मवाळपणाचा आम्हाला एवढा जाच होण्याचे कारण निराळे होते. सत्ता आमच्याजवळ कधी नव्हतीच. आमची म्हणून जी एकच इस्टेट होती ती म्हणजे राग, पिढीजात आणि निर्वेध. आणि हा माणूस तीत शेजाऱ्याला वाटेकरी करत होता.

उन्हाळ्यात शामरावांनी पाण्यासाठी वस्तीची समिती नेमली आणि अप्पांना तीत बोलावले. अप्पा गेले. पक्षाने खुलासा मागितला तेव्हा त्यांनी खुलासाही अशा सौजन्याने दिला की वाचणाऱ्याला आपणच समितीवर का नाही असे वाटावे. श्रावण सरत आला होता. एका संध्याकाळी बैठकीत घाटेकाका वैतागून म्हणाले, “काय करून राहिलाय हा माणूस! यंदा मारबतीत याचाच बडग्या काढा. एका डोक्यावर दोन टोप्या घाला. पुढून आमची काळी, मागून त्यांची पांढरी.”

किसनरावांनी मांडीवर थाप मारली. आणि बाबा हसले. निवडणुकीनंतर बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले. बत्ता हातात तसाच राहिला, डोळ्यांत पाणी आले, इतके हसले. मला वाटते, माझ्या हातून पुढे जे घडले त्याचे सारे मूळ त्या हसण्यात आहे. ते पुन्हा ऐकायला मिळावे म्हणून मी काहीही केले असते, आणि केले.

घाटेकाका ते बोलून विसरले. मी विसरलो नाही. विजय नावाचा माझा वर्गमित्र होता, सायकलवाल्याचा मुलगा, हाताचा कसबी. त्याच्या दुकानामागच्या पडवीत दुपारच्या वेळी आम्ही बांबूच्या कामट्या बांधल्या, गवत भरले, आईच्या डब्यातला मैदा चोरून चिकटवायची लई, म्हणजे खळ, शिजवली आणि जुन्या वर्तमानपत्रांचे थर चढवले. चेहरे मी केले. दोन्ही चेहरे अप्पांचेच, तेच जाड भिंगांचे चष्मे, तीच आखूड मिशी, एक पुढे पाहणारा आणि एक मागे. विजयने मानेच्या जागी सायकलच्या चाकाचा मधला, फिरता तुंबा बसवला आणि खालून दोरी दिली. दोरी ओढली की डोके गर्रकन फिरे, काळी टोपी मागे जाई आणि पांढरी पुढे येई. त्या यंत्राकडे पाहून आम्हाला इतके हसू लोटले की एकमेकांच्या तोंडावर हात ठेवावे लागले. उणीव एकच होती. अंगावर घातलेला कोट जुन्या चादरीचा होता आणि तो कोणा वकिलाचा वाटत नव्हता.

म्हणून मी अप्पांच्या घरी गेलो. काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, गौरीसाठी शेवया निवडत बसल्या होत्या. मी सांगितले की महाविद्यालयात नाटक आहे, मला वकिलाची भूमिका आहे आणि कोट हवा आहे. त्यांनी दुसरा प्रश्नही केला नाही. अप्पांचा न्यायालयात जायचा जुना काळा कोट काढला, झटकला, “कोपर विरलंय रे, थांब,” म्हणून माझ्यादेखत आतून ठिगळ लावले, आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री करून दिला. जाताना हातावर संत्र्याची बर्फी ठेवली. “भाषण पाठ कर नीट,” त्या म्हणाल्या. “तुझे अप्पा येतील बघायला.” मी बर्फी खात खात घरी आलो. हे मी लिहून ठेवतो, कारण आठवणींना सोज्ज्वळ करण्याची माणसाला खोड असते: त्या बर्फीची चव मला चांगली लागली होती.

मारबतीच्या दिवशी रस्ते माणसांनी भरून वाहत होते. ढोल, ताशे, गुलाल, आणि गच्च्यांवर बायकामुलांची दाटी. बडग्याच्या पोकळ सांगाड्याच्या आत मी उभा होतो, डोक्यापासून कमरेपर्यंत चादरीने झाकलेला, एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात पत्र्याचा कर्णा. बाहेर खांद्यावर बांबू घेतलेली पोरे विजयने दूरच्या मोहल्ल्यातून आणली होती. ती अप्पांना ओळखतही नव्हती. चौक आला की मी दोरी ओढी आणि कर्ण्यातून, ज्या आवाजाने मला भाषणे शिकवली होती त्याच आवाजात म्हणे, “तसं त्यांचंही बरोबर आहे!” पुन्हा दोरी. “तसं यांचंही बरोबर आहे!” लोक लोळत होते. पोरे ओरडत होती, “दोन टोप्यांच्या बडग्याले घेऊन जा गे मारबत!” माझ्यात एवढा नट आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, आणि त्यानंतर त्याने कधी तोंड दाखवले नाही.

मिरवणूक अप्पांच्या घरासमोर आली आणि गर्दीने ती तिथे थांबवली. चादरीच्या भोकातून मला त्यांची गॅलरी दिसत होती. अप्पा कठड्यापाशी उभे होते, काकू त्यांच्या शेजारी. पोरांनी “फिरव, फिरव!” असा धोशा लावला. मी फिरवले. अप्पा हसले. ओढूनताणून हसतात तसे नाही. मान मागे टाकून, कठडा धरून हसले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू हसल्या नाहीत. त्या डोक्याकडे पाहतच नव्हत्या. त्या कोटाच्या बाहीकडे पाहत होत्या. मग त्यांनी अप्पांच्या दंडाला हात लावला, काहीतरी सांगितले आणि आत गेल्या. अप्पांचे हसू तसेच राहिले, पण टाळ्या थांबल्या. गर्दी पुढे सरकली. कोट वेशीबाहेर बडग्यासकट जळाला.

त्या संध्याकाळी दवाखाना हास्याने दणाणला. डोके कसे फिरले ते घाटेकाकांनी किसनरावांकडून पुन्हा पुन्हा करून घेतले. बाबा पोट धरून हसले. कोणी काढला असेल हा तर्क करताना “जो असेल तो, पोराचं डोकं हाय बाप्पा!” असे किसनराव म्हणाले आणि मी कोपऱ्यात अभिमानाने लाल झालो. सांगून टाकावे म्हणून तोंड उघडलेही होते; तेवढ्यात पोरे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला आली आणि ते राहिले.

दोन दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले आणि खाली मजकूर होता की मारबतीत विरोधी पक्षाची खिल्ली उडाली. आमच्या पक्षाची. ज्या थट्टेवर आपण पोट दुखेपर्यंत हसलो ती आपलीच बदनामी होती, हा शोध बैठकीला वर्तमानपत्र वाचून लागला. घाटेकाका गंभीरपणे खाकरले. क्षणात सारे ठरले. हा आपल्या पक्षाचा अपमान. आपल्या पक्षाचा अपमान आपली माणसे करणे शक्य नाही. तेव्हा तो शामरावांच्या पोरांनी केला. एवढ्या कडेकोट तर्काला पुरावा कशाला हवा? किसनरावांची कामगार पोरे लाठ्यांना तेल लावू लागली, तेलाला तर तोटा नव्हताच. राममंदिराच्या मंडपात निषेधाची सभा बोलावली गेली. तीत अप्पांनी शामरावांच्या पोरांचा धिक्कार करावा, समिती सोडावी आणि पक्षाच्या मांडीवर परत यावे, असा बेत होता. माझ्याच बडग्यामुळे अप्पा घरी परत येणार असे मी स्वतःला समजावले. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याची मला आता धास्ती वाटते.

मंडप भरला होता. मी बाबांच्या मागे सतरंजीवर बसलो होतो. भाषणे झाली, त्वेष चढला, मागच्या रांगेत लाठ्या आपटल्या. मग अप्पांना बोलायला सांगितले. त्यांनी चष्मा पुसला.

“शामच्या पोरांचा यात काही संबंध नाही,” ते म्हणाले. “बडग्याच्या अंगावरचा कोट माझा होता. तो मीच दिला होता.”

बाबा उभे राहिले. “कोणाला दिलास?”

“मागायला आले त्यांना.”

“नाव सांग.”

“वकील आहे मी. अशिलाचं नाव चारचौघांत घेत नाही.”

“म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं? अन् तू गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवल्यास?”

“चांगला होता रे बडग्या,” अप्पा म्हणाले. “मान काय सुरेख फिरत होती!”

ते बाबांकडे पाहत होते. बाबांच्या खांद्याआड, हातभर मागे मी होतो. त्यांची नजर एकदाही माझ्याकडे वळली नाही, आणि न वळण्यासाठी ती किती जपत होती हे फक्त मला दिसत होते. उठून ‘मी’ एवढे एक अक्षर म्हटले असते तर पुरे होते. मी सतरंजीची एक दशी बोटाला गुंडाळत राहिलो.

मग जो गदारोळ झाला तो काय सांगू! घाटेकाका ओरडले, “अहो, हा माणूस स्वतःच्या बडग्याशीसुद्धा युती करतो!” किसनराव म्हणाले, “मले तं वाटते, हा मेल्यावर लाकडंही दोन्ही पार्टीची मागन!” हशा झाला. लाठ्या मात्र निमूट घरी गेल्या. ज्याचा अपमान त्यानेच तो आपल्या खर्चाने करून घेतला म्हटल्यावर मारायचे कोणाला? शामरावांच्या पोरांची डोकी वाचली. पक्षाने अप्पांना काढून टाकले. पक्षाचा जाणूनबुजून उपहास घडवून आणला, हा आरोप. आणि त्यावर अप्पांनी अपील केले नाही. वस्तीतली दुकानदार मंडळी आपली कामे दुसऱ्या वकिलांकडे नेऊ लागली. बाबांनी त्या रात्री पानावर बसताना एवढेच म्हटले, “या घरात त्याचं नाव नको.” आईने वाढता वाढता माझ्याकडे पाहिले. डब्यातला मैदा कमी झालेला तिच्या लक्षात आला असणार. पण तिने नुसते वरण वाढले आणि मी वरणभात कालवत राहिलो.

काही दिवसांनी काकू गल्लीत समोरून आल्या. वाट बदलायला जागा नव्हती. त्या थांबल्या. “नाटक कसं झालं रे?” त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. मला दार उघडून देत होत्या त्या. मी म्हणालो, “चांगलं झालं.” त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या. कोट त्यांनी परत मागितला नाही.

समितीने पाणी आणले. ते आमच्याही नळाला आले आणि बाबांनी ते प्यायले. अप्पा वाटेत भेटले की बाबा रस्ता ओलांडत. चाळीस वर्षांचा होऊ घातलेला तो स्नेह माझ्या मौनाने संपवला, आणि बाबा गेले ते आपल्या मित्राने आपल्याला हसण्यावारी नेले या समजुतीसह गेले. घाटावर अप्पा आले होते. लांब, पिंपळाखाली उभे राहिले. मी त्यांच्यापाशी गेलो, हात जोडले, “येत चला,” असे काहीतरी पुटपुटलो आणि माघारी वळलो. मी मूळचाच हळू बोलणारा. लोक त्याला माझा विनय समजतात. पक्षातही त्याच विनयावर मी वर्षानुवर्षे पदे सांभाळली.

मागच्या वर्षी धरमपेठेतल्या एका सभागृहात जुन्या निष्ठावंतांचा सत्कार झाला. आता आमचा पक्ष हरत नाही, त्यामुळे निष्ठावंत पुष्कळ निघाले. माझ्या खांद्यावर शाल होती, मांडीवर नारळ होता, आणि घाटेकाकांचा नातू नव्या कार्यकर्त्यांना उद्बोधक किस्से सांगत होता. “आपल्याकडे पूर्वी एक सोहनी वकील होते,” तो म्हणाला. “शत्रूला हार घालायचे. पुढे तर स्वतःच्याच पक्षाचा बडग्या काढला पठ्ठ्यानं! असे फितूर ओळखायला शिका.” सभागृह हसले. हसता हसता तो माझ्याकडे वळला: “सर साक्षीला आहेत!” आणि मी, नारळावर बोटे फिरवत, मान डोलावली. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आले की मी गप्प राहिलो नव्हतो. या खेपेला मी साक्ष दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहराच्या कडेला, बेशाला गेलो. अप्पा तिथे लेकीच्या फ्लॅटमध्ये राहतात. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्याचे मला दारातच कळले. त्यांच्यापुरता मी कायमचा उशिरा पोचलो होतो. अप्पा गॅलरीत खुर्चीवर ऊन खात बसले होते, खूप लहान झालेले. लेक म्हणाली, “मोठ्यानं बोला हं. कानातलं यंत्र त्यांना आवडत नाही, काढून ठेवतात.” मी स्टूल ओढून जवळ बसलो, नाव सांगितले आणि रात्रभर घडवलेली वाक्ये माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणून टाकली. अप्पा कानाशी हात नेऊन म्हणाले, “काय?” मी पुन्हा म्हटले. “कोण आला?” त्यांनी लेकीला विचारले. खाली मुले क्रिकेट खेळत होती, समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या, जिन्यात कोणी केरवाल्याशी बोलत होते. एवढ्या सगळ्यांच्या देखत मी उभा राहिलो. मंडपात जसे उभे राहायला हवे होते, तसा. घडवलेली वाक्ये मी सोडून दिली, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून मी ओरडलो. खालचा खेळ थांबला, समोरच्या बाईंच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

“अप्पा, तो बडग्या मी बनवला! काकूंना फसवून कोट मी नेला! तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी तिथंच बसून राहिलो! बाबांनाही सांगितलं नाही! काल पुन्हा तुमच्याविरुद्ध मान डोलावली! अप्पा, चुकलो मी! मला क्षमा करा!”